नवा फोन घ्यावा का?

मँचेस्टरला राहणारा माझा भाचा परवा फोनवर म्हणाला, "मामा, नवी प्रणाली येतेय. अँड्रॉइड आणि ॲपलची सद्दी आता संपणार!"

मला त्याच्याच शहराची आठवण झाली. 1962 साली मँचेस्टर विद्यापीठात ॲटलस संगणक सुरू झाला. यंत्राचा कारभार पाहणारा त्याचा 'सुपरवायझर' हा आजच्या प्रणालींचा आद्य पूर्वज मानतात. तरी बाजार अमेरिकेनेच नेला.

नुसत्या हुशारीने गिऱ्हाईक येत नाही. मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन चांगला होता. पण ॲप्स थोडी म्हणून गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून ॲप्स नाहीत. 2013 साली आलेला फायरफॉक्सचा फोनही दोन-तीन वर्षांतच आटोपला. हुआवेची हार्मनी टिकली, कारण 2019 साली अमेरिकेने वाट अडवली आणि पाठीशी चीनचा अवाढव्य बाजार होता. आयआयटी मद्रासच्या आश्रयाने 2023 साली पुढे आलेल्या भारओएसचे मला कौतुक आहे, पण तिला तसेच पाठबळ हवे. आपल्या बेटाएवढे गिऱ्हाईक तर कोणी मोजतही नाही.

मी भाच्याला म्हटले, "ज्यावर तुझा व्हिडिओ कॉल लागेल आणि आजीला देवनागरीत लिहिता येईल, तो फोन घेऊ. तुझ्या खिशात कोणता आहे?"

"ॲपल," तो म्हणाला.