चिकपेट : बाजार की उद्योग? बेंगळुरूच्या जुन्या पेठेतील आशा आणि ओढाताण

बेंगळुरू : माहिती तंत्रज्ञानाचे शहर म्हणून ख्याती पावलेल्या बेंगळुरूची औद्योगिक परंपरा इलेक्ट्रॉनिक सिटीपेक्षा कितीतरी जुनी आहे. तिचे मूळ चिकपेट, कब्बनपेट, नगरथपेट आणि अ‍ॅव्हेन्यू रोडच्या अरुंद गल्ल्यांत सापडते. रेशमी साड्या, कापड आणि तयार कपड्यांच्या घाऊक व्यापारासाठी दक्षिण भारतात परिचित असलेल्या या पेठांनी 2025 मध्ये अवघ्या तीन महिन्यांत तीन निरनिराळे अनुभव घेतले. जुलैमध्ये यूपीआय व्यवहारांच्या आधारे वस्तू व सेवा कराच्या नोटिसा बजावल्या गेल्याने शहरातील लहान व्यापारी हादरले. ऑगस्टमध्ये नगरथपेटेतील एका इमारतीला लागलेल्या आगीत पाच जणांचा बळी गेला. सप्टेंबरमध्ये धाग्यावरील करात मोठी कपात होऊन दिलासा मिळाला.

वरवर पाहता या घटनांचा परस्परांशी संबंध नाही. मात्र तिन्हींच्या मुळाशी एकच अनुत्तरित प्रश्न आहे. शासनव्यवस्था चिकपेटला नेमके काय मानते, गर्दीचा बाजार की विखुरलेला उद्योग?

या प्रश्नाचे उत्तर पेठेच्या जडणघडणीत आहे. केंपेगौडा यांनी 1537 मध्ये वसवलेल्या या नगरात व्यवसायानुसार पेठा निर्माण झाल्या. तेल गाळणाऱ्यांची गाणिगरपेट, कुंभारांची कुंबारपेट ही नावे आजही त्याची साक्ष देतात. 1638 मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने हे शहर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. त्यांचा निवास असलेला गौरी महाल चिकपेट परिसरात होता, असे परंपरा सांगते. त्यानंतर म्हैसूरच्या वडियार राजवटीत विणकरांच्या वस्तीला उत्तेजन मिळाले. देवांग, पट्टेगार, पद्मशाली अशा विणकर समाजांनी येथे माग उभारले, तर भावसार क्षत्रियांसारख्या मराठी बोलणाऱ्या समाजाने रंगकाम आणि शिवणकामात आपले स्थान निर्माण केले. माल जेथे तयार होतो तेथेच विकला जातो, हे या पेठांचे मूळ सूत्र होते.

विसाव्या शतकात शहरात मोठ्या गिरण्यांचे युग आले. 1884 मध्ये स्थापन झालेली आणि पुढे बिन्नी समूहाकडे गेलेली गिरणी, मिनर्व्हा मिल, राजा मिल ही त्या काळातील प्रमुख नावे होत. आज यांपैकी कोणत्याही गिरणीचा भोंगा वाजत नाही. राजा मिलच्या जागेवर मंत्री स्क्वेअर हा मॉल उभा आहे, तर बिन्नी गिरणीच्या जमिनीवर निवासी संकुले आली आहेत. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचे जे झाले, त्याची ही दाक्षिणात्य आवृत्ती म्हणता येईल. बेंगळुरूत मात्र गिरण्या बंद पडल्या तरी गल्ल्यांतील वस्त्रव्यवसाय टिकून राहिला.

तो टिकण्यामागे ठोस आर्थिक कारणे होती. आशियातील सर्वांत मोठी कोष बाजारपेठ म्हणून ओळखली जाणारी रामनगर ही बाजारपेठ येथून जेमतेम 50 किलोमीटरवर आहे. तेथील कोषांपासून निघालेल्या सुताला पीळ देणे, ते रंगवणे, ताणा लावणे, विणणे आणि साडीला अंतिम रूप देणे ही कामे लहान लहान घटकांत विभागली गेली. खाली दुकान, वर माग किंवा शिलाईची यंत्रे आणि त्याही वर राहण्याची जागा अशा इमारतींमुळे भाडे, वाहतूक आणि साठवणुकीचा खर्च वाचत असे. याहून महत्त्वाची होती ती उधारी. धाग्याचा व्यापारी विणकराला, विणकर घाऊक विक्रेत्याला आणि घाऊक विक्रेता गावोगावच्या दुकानदाराला ओळखीवर माल देत असे. पेठेतील पत हेच तिचे खरे भांडवल होते.

ही साखळी गेल्या दशकात प्रत्येक टप्प्यावर ताणली गेली. नोव्हेंबर 2016 मधील नोटाबंदीने रोखीवरील व्यवहार थांबले. 1 जुलै 2017 रोजी लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने हिशेबाची पद्धत बदलली आणि 2020 च्या टाळेबंदीने लग्नसराईचा हंगामच हिरावला. त्याच वेळी सुरतेतील कृत्रिम धाग्याच्या स्वस्त साड्यांनी आणि ऑनलाइन विक्रीने मध्यम किमतीच्या मालाची बाजारपेठ व्यापली. पेठेतील जागा महाग होत गेली, तसा माग चालवण्यापेक्षा गाळा भाड्याने देणे अनेक मालकांना परवडू लागले. दुकान तेच राहिले, तरी त्यातील माल बाहेरून येऊ लागला. हा बदल गाजावाजा न होता घडत असल्यामुळे गिरणी बंद पडल्यावर होते तशी त्याची बातमी होत नाही.

सप्टेंबर 2025 मधील करकपातीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. तोवर मानवनिर्मित तंतूंवर 18 टक्के, त्यांच्या धाग्यावर 12 टक्के आणि कापडावर 5 टक्के कर होता. कच्च्या मालावर अधिक आणि पक्क्या मालावर कमी, अशा या उलट्या रचनेमुळे लहान विणकराचे भांडवल परताव्यात अडकून पडे. 22 सप्टेंबरपासून हे तिन्ही दर 5 टक्क्यांवर आले. कृत्रिम धाग्यावर चालणाऱ्या यंत्रमागांना त्याचा थेट लाभ आहे. तयार कपड्यांबाबत चित्र संमिश्र आहे. 5 टक्के दराची मर्यादा 1,000 रुपयांवरून 2,500 रुपयांपर्यंत वाढली, मात्र त्यापुढील कपड्यांवरील कर 12 वरून 18 टक्क्यांवर गेला. साडी ही कापडात मोडत असल्याने तिला याची झळ नाही. लग्नसमारंभाचे महागडे तयार पोशाख विकणाऱ्यांना मात्र ती बसते.

पतपुरवठ्याच्या बाबतीतही असाच विरोधाभास दिसतो. सूक्ष्म व लघु उत्पादकांची देणी कमाल 45 दिवसांत न फेडल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा करता येत नाही, अशी तरतूद 1 एप्रिल 2024 पासून अमलात आली. लहान उत्पादकाला वेळेवर पैसे मिळावेत, हा तिचा हेतू रास्त आहे. परंतु ज्या व्यवसायात एका हंगामाचे पैसे दुसऱ्या हंगामात येतात, तेथे खरेदीदार नोंदणीकृत लहान विणकराला टाळून अन्यत्र वळण्याचा धोका राहतो. संरक्षण देणारा कायदा ओळखीवर चालणाऱ्या बाजारात अडथळाही ठरू शकतो.

जुलैमधील नोटिसांनी हाच अविश्वास उघड केला. वस्तूंच्या व्यापारासाठी 40 लाख आणि सेवांसाठी 20 लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीनंतर नोंदणी बंधनकारक आहे. कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयद्वारे जमा झालेल्या रकमांवरून हजारो व्यापाऱ्यांना विचारणा केली, तेव्हा शहरातील अनेक दुकानांत ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. नोंदणी करणाऱ्यांकडून जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, असे आश्वासन मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी दिल्यानंतर वातावरण निवळले. तथापि, ज्या डिजिटल नोंदीच्या आधारे लहान व्यावसायिकाला बँकेचे कर्ज सहज मिळू शकते, तीच नोंद त्याला भीतीदायक वाटू लागली. ही हानी नोटिसांपेक्षा अधिक काळ टिकणारी आहे.

नगरथपेटेतील आगीने या प्रश्नाची दुसरी आणि अधिक गंभीर बाजू समोर आणली. काम आणि निवास एकाच छताखाली असणे हे पेठेचे बलस्थान खरे. पण अरुंद जिना, ज्वलनशील माल आणि अग्निशमन वाहनाला न पोहोचता येणारी गल्ली एकत्र आली की तेच जीवघेणे ठरते. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर उद्योग शहराबाहेर हलवण्याची चर्चा होते. मात्र लहान घटक दूरच्या वसाहतीत गेला, तर तो रंगारी, विणकर आणि ग्राहक यांच्यापासून तुटतो. सुरक्षितता आवश्यकच आहे. ती स्थलांतरानेच साधेल, हे गृहीतक मात्र तपासून पाहावे लागेल.

महाराष्ट्रातील वस्त्रनगरींना हा पेच अपरिचित नाही. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथेही वीजदर, सुताच्या किमतीतील चढउतार आणि सुरतेची स्पर्धा यांनी यंत्रमागधारक त्रस्त आहेत. तेथे निदान हा उद्योग आहे, याबद्दल दुमत नाही. मार्च 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने 27 अश्वशक्तीपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रमागांना प्रतियुनिट एक रुपया आणि त्याहून अधिक क्षमतेच्या मागांना 75 पैसे अतिरिक्त वीजसवलत मंजूर केली. कर्नाटकानेही 10 अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागांसाठी मोफत विजेची योजना आणली. परंतु चिकपेट परिसरातील शिलाई, रंगकाम, घडी-इस्त्री आणि सुशोभनाची असंख्य कामे ‘माग’ या व्याख्येत बसत नाहीत. या कामांतील मजूर कोणत्या योजनेचा लाभार्थी, हे त्यामुळे अस्पष्ट राहते.

आशेची कारणेही आहेत. जून 2017 मध्ये सुरू झालेल्या चिकपेट मेट्रो स्थानकामुळे वाहनतळाअभावी दुरावलेला ग्राहक परतण्याची सोय झाली. जून 2023 पासून महिलांना सरकारी बसमधून मिळणारा मोफत प्रवास ग्राहक आणि कामगार दोघींनाही पेठेजवळ आणतो. खऱ्या रेशमाची साडी हाताळून, पोत पाहून घेण्याची सवय ऑनलाइन खरेदीने पूर्णतः मोडलेली नाही.

पुढील कसोटी प्रशासनाची आहे. सप्टेंबर 2025 मध्ये बेंगळुरूच्या पाच महानगरपालिका अस्तित्वात आल्या आणि जुन्या पेठा बेंगळुरू मध्य महानगरपालिकेकडे आल्या. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात नव्या वस्त्रोद्योग धोरणाचीही घोषणा झाली. ही धोरणे बहुधा मोठ्या वस्त्रउद्यानांकडे पाहतात. केंद्राची पीएम मित्र उद्यानेही कलबुर्गी आणि अमरावतीत आकार घेत आहेत. त्यांचे महत्त्व नाकारता येणार नाही. पण तेथील रोजगार कब्बनपेटेतील वयस्क विणकरापर्यंत पोहोचणार नाही. त्याच्यासाठी गल्लीनिहाय अग्निसुरक्षा, सामायिक रंगकाम सुविधा आणि भीतीशिवाय होणारी नोंदणी या लहान गोष्टीच निर्णायक ठरतील. त्या वेळेत झाल्या नाहीत, तर चिकपेटमधील दुकानांचे दिवे तेवत राहतील. मात्र तेथे विकल्या जाणाऱ्या साडीशी त्या पेठेतील कोणत्याही हाताचा संबंध उरणार नाही.