सूत्रे कोणाच्या हाती?

दरड कोसळते, पूर येतो, तेव्हा पोलिस, अग्निशमन दल, महसूल कर्मचारी, एनडीआरएफ, स्वयंसेवक असे सारेच धावून येतात. वानवा असते ती ‘शेवटचा शब्द कोणाचा’ या प्रश्नाच्या उत्तराची. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांनी प्राणांची बाजी लावली. तरीही ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही आणि आयुक्तालयातून ठळक नेतृत्व दिसले नाही, असे या हल्ल्यावेळच्या पोलिस प्रतिसादाची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीला नोंदवावे लागले. शौर्यात पोलिस कमी पडले नाहीत. सूत्रचालनात यंत्रणा कमी पडली.

कॅलिफोर्नियाने हा धडा १९७० च्या वणव्यांतून घेतला. तिथे १३ दिवसांत १६ जणांचा बळी गेला. मदतीला दले अनेक होती. पण त्यांच्या बिनतारी यंत्रणा, परिभाषा आणि वरिष्ठ वेगवेगळे होते. त्यातून जी पद्धत आकाराला आली, तिचे नियम साधे आहेत. घटनास्थळी जो पहिला पोहोचेल तो प्रमुख, मग त्याचे पद कितीही लहान असो. वरिष्ठ आला म्हणून सूत्रे आपोआप त्याच्याकडे जात नाहीत. काय घडले, कोणते पथक कुठे उतरले आहे, काय बाकी आहे, पुढचा धोका कोणता, हे तो आधी समोरासमोर समजून घेतो. त्यानंतरच, प्रमुख बदलल्याचे वेळेसह सर्वांना कळवले जाते. ढिगाऱ्यात उतरलेल्या जवानाला ‘थांबा’ आणि ‘पुढे जा’ असे दोन हुकूम एकाच वेळी मिळू नयेत, यासाठीच हा खटाटोप.

आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्येच या धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली, तालुक्यापर्यंत प्रतिसाद पथके सुचवली. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. राज्याच्या बदली कायद्यानुसार बदल्या साधारणपणे एप्रिल-मेमध्ये होतात आणि जूनमध्ये पाऊस दाखल होतो. धोक्याची गावे, नाले, बोटी ओळखणारा अधिकारी ऐन तोंडावर तालुका सोडतो. दप्तराचा कार्यभार तो सहीनिशी देतो. आपत्तीच्या सूत्रांचा कार्यभार मात्र नव्या माणसाच्या नशिबावर सोडला जातो. त्यात मंत्र्यांचे दौरे सुरू झाले, की घटनाप्रमुखाचा वेळ बचावापेक्षा माहिती देण्यातच खर्ची पडतो.

सरकारने तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक तालुक्यातील पथकप्रमुख व त्याच्या पर्यायी अधिकाऱ्याचे नाव मेअखेर जाहीर करावे. बदलीच्या कार्यभारात आपत्ती योजनेची लेखी देवघेव सक्तीची करावी. आणि रंगीत तालमीत केवळ दोर-बोटींची नव्हे, मध्येच प्रमुख बदलण्याचीही परीक्षा घ्यावी. पहिल्या काही तासांत गोंधळ झाला, तर त्याची किंमत ढिगाऱ्याखालचा माणूस मोजतो. त्याला या राज्याने एवढी शिस्त तरी दिलीच पाहिजे.