संस्कारांचे व्याकरण

आमच्या सुशिक्षित घरांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते. मुलाचे लग्न ठरविताना, शेजाऱ्याच्या मुलाने काही भलतेच केल्याचे कळल्यावर, किंबहुना वर्तमानपत्रातील एखादी लाजिरवाणी बातमी वाचून झाल्यावर ते हमखास उच्चारले जाते. ते वाक्य असे: ‘आमच्या घरात संस्कार आहेत.’ हे वाक्य नीतीचे नसून मालमत्तेचे आहे. आणि जोपर्यंत आपण ते टाकीत नाही, तोपर्यंत आपल्या देवधर्माचा आपल्या वागणुकीशी सांधा जुळणे कठीण आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

वाक्याची रचनाच पाहा. ‘तिजोरीत दागिने आहेत’ आणि ‘घरात संस्कार आहेत’ ही दोन्ही एकाच ठशाची वाक्ये होत. त्यांत वस्तू आहे, ठिकाण आहे. काही करणारा माणूस मात्र कोठेच नाही. वस्तुतः ‘संस्कार’ हा शब्द मूळचा क्रियेचा. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंत जे सोळा संस्कार सांगितले आहेत, त्यांतील प्रत्येक कोणीतरी कोणावर तरी करावयाचे कर्म आहे. त्या कर्माची आम्ही ठेव बनविली. ठेव एकदा वडिलांकडून मिळाली की तिच्यासाठी रोज श्रम करावे लागत नाहीत. आणि वागणूक कशीही असली तरी ती उणी होत नाही, अशी आमची सुखाची समजूत आहे.

या समजुतीची परीक्षा घेण्यास नागपूरसारखे दुसरे शहर नाही. येथे दर वर्षी थोड्या आठवड्यांच्या अंतराने दोन प्रचंड जनसमुदाय लोटतात, आणि मनुष्याने आपल्या दोषांशी कोणते नाते ठेवावे यासंबंधीची दोन अगदी निराळी व्याकरणे त्यांत पाहावयास मिळतात. पांढरपेशा नागपूरकर बहुधा दोहोंकडेही फिरकत नाही. एक त्यास ग्राम्य वाटतो आणि दुसरा ‘त्यांचा’ वाटतो. परंतु या दोहोंपासून शिकावयाचे पुष्कळ आहे.

पहिला समुदाय मारबतीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लहान मुले लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा साजरा करीत असतात, त्याच दिवशी इतवारी-महाल भागातील अरुंद रस्त्यांवरून काळी व पिवळी अशा दोन मारबतींच्या भव्य मूर्ती निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची व पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. त्यांच्याबरोबर बडगे असतात. त्यांत महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, त्या त्या वर्षीचे अप्रिय पुढारी, कोणाचीच गय नसते. रोगराई, दैन्य, जे जे अनिष्ट ते ते ‘घेऊन जा’ असा घोष होतो आणि अखेरीस मूर्तींचे दहन होते. या उत्सवात विनोद आहे, निर्भयपणा आहे, आणि सत्ताधाऱ्यांस भर रस्त्यात हसण्याचे धैर्यही आहे. शिवाय मारबतीपुढे ओरडणारा मनुष्य एक गोष्ट तरी प्रांजळपणे मान्य करतो, ती ही की, पीडा आपल्या घरात आहे. घरात नसती तर घेऊन जा म्हणण्याचे प्रयोजनच काय?

परंतु ‘घेऊन जा’ हे क्रियापद आज्ञार्थी आहे, आणि ही आज्ञा दुसऱ्यास आहे. वाईट गेले पाहिजे, पण ते घालवावयाचे दुसऱ्याने. आपण फक्त दाराशी उभे राहून आरोळी द्यावयाची. या व्याकरणाचा धोका काय, हे काळ्या मारबतीच्याच कथेवरून कळेल. ती मूर्ती बाकाबाई भोसले यांचे प्रतीक होय, त्या इंग्रजांस मिळाल्या म्हणून लोकांनी त्यांची अशी धिंड काढली, असे परंपरेने सांगितले जाते. आता, १८१७ साली सीताबर्डीची लढाई भोसल्यांच्या फौजेने गमावली. १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. आणि दुसऱ्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. या चाळीस वर्षांत किती सरदार डगमगले, किती कारभाऱ्यांनी आपापले पाहिले, किती सावकारांनी दोन्ही दरडींवर पाय ठेवले असतील! त्या सर्वांच्या वाट्याची काजळी लोकस्मृतीने एका राजस्त्रीच्या तोंडास फासली. तिचा दोष किती, हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, पराभवाला एक पुतळा मिळाला की बाकीच्यांस आपापल्या घरी निवांत जेवावयास जाता येते.

दुसरा समुदाय दीक्षाभूमीचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि नंतर जमलेल्या लाखो अनुयायांस स्वतः दीक्षा देऊन त्यांच्याकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. या प्रतिज्ञांतील मतांविषयी वाद घालणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या व्याकरणाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्या प्रथमपुरुषी आहेत. मी हे मानणार नाही, मी हे करणार नाही, मी असा वागेन. चोरी, असत्य, व्यभिचार, मद्य यांचा त्याग त्यांत आहे. सर्व मनुष्यांस समान मानणे आहे. प्राणिमात्रांविषयी दया आहे. ‘हे मजपासून घेऊन जा’ असे त्यांत कोणासही सांगितलेले नाही. पंचशीलातील ‘समादियामि’ हे पाली क्रियापदही याच जातीचे: मी हे आपण होऊन अंगावर घेतो.

आणि हे कोणी म्हणावे? ज्यांना इतरांच्या दोषांची यादी वाचण्याचा सर्वांत मोठा अधिकार होता, त्यांनी! शतकानुशतके ज्यांना पाणवठ्यावरून हाकलले, देवळाबाहेर उभे केले, त्यांनी त्या दिवशी एखादी भली मोठी मारबत उभारून तिला सवर्णांचे नाव दिले असते, तर न्यायाच्या दृष्टीने त्यांस बोल लावण्यास कोणाची जीभ रेटली असती? त्यांनी जुन्या धर्माचा त्याग केला, तो निःसंदिग्ध शब्दांत केला; पण तेवढ्यावर न थांबता स्वतःच्या वर्तनाचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतले. या शहराच्या इतिहासात याहून मोठी नैतिक घटना मला तरी दिसत नाही.

आता आमच्या घरांकडे वळू. ‘घेऊन जा’ म्हणावयास आम्ही रस्त्यावर जात नाही, कारण आमच्या घरात पीडा आहे हेच आम्हांस मान्य नाही. ‘मी करणार नाही’ असेही आम्ही म्हणत नाही, कारण संस्कार आहेत तेथे प्रतिज्ञेची गरज ती काय! यामुळे घडते ते असे. महालक्ष्म्यांच्या दिवशी आंबील, पुरणपोळी व सोळा भाज्यांचा नैवेद्य होतो. आणि ती सर्व भांडी घासणाऱ्या बाईचा चहा वेगळ्या कपात ओतला जातो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, तेव्हापासून ‘हुंडा’ हा शब्द आमच्या बैठकीतून गेला आणि ‘तुमच्या मुलीला तुम्ही हौसेने जे द्याल ते’ हे वाक्य आले. जातपात आम्ही मुळीच मानीत नाही. केवळ घर भाड्याने देण्यापूर्वी आडनाव विचारतो. घराची किंमत थोडी चेकने व थोडी रोखीने देऊन व्यवहार पुरा केला की त्याच नव्या घरात वास्तुशांत करतो. या चारांपैकी एकही गोष्ट करताना आम्ही खोटे बोलतो असे आम्हांस वाटत नाही, हीच खरी शोकाची बाब आहे. जो ढोंगी असतो त्यास निदान दोन तोंडे असल्याचे ठाऊक असते. आम्हांस तेही ठाऊक नाही.

येथे कोणी म्हणेल की, प्रतिज्ञा हा आमच्या परंपरेचा मार्गच नव्हे. आमची श्रद्धा सहज, अंतरंगातील. हे म्हणणे परंपरेच्या अज्ञानातून निघालेले आहे. प्रत्येक पूजेच्या आरंभी उजव्या हातावरून पाणी सोडून ‘करिष्ये’ असे जे म्हणावयाचे, ते प्रथमपुरुषी क्रियापद नव्हे काय? श्रावणीच्या दिवशी जो हेमाद्रीचा संकल्प सांगतात, त्यात पातकांची केवढी लांबलचक यादी आहे! आमच्या पूर्वजांस मनुष्याच्या हातून काय काय घडते हे पक्के ठाऊक होते. आम्ही केले एवढेच की, ती यादी न कळणाऱ्या संस्कृतात दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि पंचगव्याबरोबर गिळून टाकली. वारकऱ्यांकडे पाहा. तुळशीची माळ गळ्यात घालणे म्हणजे मद्यमांस सोडणे, एकादशी पाळणे, वारी न चुकविणे, असे शब्द देणे होय. माळकऱ्याने शब्द मोडला तर सारे गाव त्यास विचारू शकते. तात्पर्य, प्रथमपुरुष आमच्या परंपरेत होता. पांढरपेशांनी तो सोयीस्करपणे गाळला.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. तो असा: प्रतिज्ञा घेणारे सर्वच ती पाळतात काय? माळकऱ्यांत लबाड नाहीत काय? दीक्षा घेतलेल्या घरांतून दारू सर्वथा गेली काय? नाही, गेली नसेल. परंतु या आक्षेपातच त्याचे उत्तर आहे. दारू पिणाऱ्या प्रतिज्ञाबद्ध मनुष्यास ‘तू शब्द मोडलास’ असे त्याची बायको म्हणू शकते, त्याचा मुलगा म्हणू शकतो, आणि उद्या सकाळी तो स्वतःही म्हणू शकतो. ‘आमच्या घरात संस्कार आहेत’ हे वाक्य मात्र कोणत्याही कृत्याने मोडत नाही. सून जळाली तरी ते उभेच असते. जे वाक्य कशानेही खोटे ठरू शकत नाही, त्याचा नीतीला उपयोग शून्य. मोडलेल्या प्रतिज्ञेतून निदान लाज जन्मास येते, आणि सुधारणेचा आरंभ बहुधा लाजेपासूनच होतो.

तिसरा आक्षेप शहाण्या लोकांचा. ते म्हणतात, त्या बावीस प्रतिज्ञांत आमच्या देवांचा नकार आहे; तेथून आम्ही काय घ्यावे? देव सोडा असे येथे कोणी सांगत नाही. परंतु तो नकार वाचून नुसते दुखावणाऱ्यांनी एवढे तरी मनाशी विचारावे की, एवढ्या लाखो माणसांस आपल्या देवांपासून दूर जाण्यात सुटका वाटली, ती त्या देवांनी काय केले म्हणून, की देवांच्या दारी उभे राहून आपल्या वाडवडिलांनी काय केले म्हणून? आणि ते वाडवडील तर संस्कारी घरांतलेच होते.

ज्यांना दीक्षाभूमी दूरची वाटते, त्यांच्यासाठी वऱ्हाडातीलच एक मनुष्य पुरेसा आहे. १८७६ साली शेंडगाव येथे परिटाच्या घरी जन्मलेले गाडगे महाराज गावात शिरत ते हाती खराटा घेऊन. आधी दिवसभर गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. त्या कीर्तनात ते उपदेश करण्यापेक्षा प्रश्नच अधिक विचारीत, आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढीत. कर्ज काढून सण करता काय? दारू पिता काय? देवापुढे बकरे कापता काय? श्रोत्यास ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणणे भाग पडे, आणि उत्तर स्वतःच्या तोंडून निघाल्यामुळे ते त्याच्याच पदरी पडे. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले, आणि गाडगे महाराज त्याच महिन्याच्या २० तारखेस. दोघांचे मार्ग निराळे होते. पण आपल्या आचरणाचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो, हे दोघांनीही कोट्यवधी जनांस एकाच हिवाळ्याच्या तोंडाशी मागे ठेवून दिले.

मग करावे काय? नवा पंथ काढण्याची आवश्यकता नाही, सभा भरविण्याचीही नाही. ज्या घरात पूजा होते त्या घरात संकल्पाचे पाणी सोडताना यजमानाने व त्याच्या पत्नीने एक वाक्य मराठीत जोडावे. ते प्रथमपुरुषी असावे, भविष्यकाळी असावे, आणि त्यात अमुक एका माणसाचा संबंध यावा. ‘मी घरकाम करणाऱ्या बाईचा सणाच्या दिवसाचा पगार कापणार नाही.’ ‘मी माझ्या मुलाच्या लग्नात व्याह्यांकडून काही घेणार नाही.’ ‘मी भाडेकरूस आडनाव विचारणार नाही.’ ज्या घरात पूजा होत नाही, तेथे हेच वाक्य जेवणाच्या वेळी म्हणावे. देव साक्षीस नसला तर मुले आहेत. वाक्य फार मोठे नसावे, कारण मोठी वाक्ये मोडली तरी कळत नाहीत. आणि ज्या माणसाविषयी ते म्हटले, ते त्याच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने म्हणावे. नाहीतर त्याचीही पुन्हा ठेव व्हावयाची.

हे फार थोडे आहे, असे कोणास वाटेल. ज्यांस तसे वाटते त्यांनी येत्या महालक्ष्म्यांस एकदा ते करून पाहावे, आणि भांडी घासून पदराला हात पुसणाऱ्या त्या बाईसमोर ते वाक्य उच्चारताना आपला आवाज किती स्थिर राहतो, हे स्वतःच ऐकावे.