हजारो वर्षांचं औषध

पन्नाशीच्या बायका एकत्र जमल्या की पूर्वी म्हणे सुनांबद्दल बोलायच्या. आम्ही हॉट फ्लशेसबद्दल बोलतो! इथे सिंगापुरात माझ्या निम्म्या मैत्रिणी चिनी आहेत, त्यामुळे गप्पांत चिनी औषधं येणारच. रात्री तीनला घामाने भिजून उठणाऱ्या माझ्यासारखीला कुणी डांगग्वे या मुळीचं सूप प्यायला सांगते, कुणी काळ्या गोळ्यांची बाटली आणून देते. आणि शेवटी सगळ्यांचं एकच पालुपद, "हजारो वर्षांपासून घेतात, काही होत नाही."

माझं भांडण औषधाशी नाही, या वाक्याशी आहे.

आता बघा, रजोनिवृत्तीच्या त्रासावर चीनमध्ये 'अर-शियान-तांग' नावाचा सहा वनस्पतींचा काढा प्रसिद्ध आहे. त्यातली शियानमाओ म्हणजे चक्क आपली काळी मुसळी! नावावरून वाटतं, कुण्या प्राचीन ऋषीने सांगितला असणार. प्रत्यक्षात तो १९५० च्या दशकात शांघायच्या एका रुग्णालयात तयार झाला. आणि 'लिउ-वेइ-दि-हुआंग' या काळ्या गोळ्या? त्या खरंच जुन्या आहेत, १११९ सालच्या ग्रंथातल्या. पण तो ग्रंथ च्यान यी या बालवैद्याचा, आणि औषध लहान मुलांसाठी! म्हणजे एक औषध आपल्या त्रासासाठी आहे पण जुनं नाही, आणि दुसरं जुनं आहे पण मुळात आपल्यासाठी नव्हतं. यातलं कुठलंही वाईटच असेल असं नाही. फक्त 'हजारो वर्षं' हा काही पुरावा होत नाही.

मग पुरावा काय म्हणतो? १९९७ साली कॅलिफोर्नियात ७१ बायकांवर चाचणी झाली. काहींना डांगग्वे, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. २४ आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. चिनी वैद्यांचं म्हणणं, आम्ही ही मुळी एकटी कधी देतच नाही. त्यांचा मुद्दा मला पटतो. आमटी कशी झालीय ते बघायला नुसता हिंग चाटण्यातला प्रकार तो. पण २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने चिनी औषधांच्या २२ चाचण्या, जवळजवळ २९०० बायका, एकत्र तपासल्या. तरीही ही औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस आहेत असं म्हणण्याइतका भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

"पण मला गुण आला ना!" असं मैत्रीण म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. हॉर्मोनच्या चाचण्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांचेही हॉट फ्लशेस निम्म्याहून जास्त कमी झालेले दिसले आहेत. हा त्रास चढतो, उतरतो, आणि आपण काहीतरी करतोय या भावनेनेही हलका होतो.

तरी बायका तिकडे का जातात, हे मला कळतं. २००२ साली अमेरिकेत हॉर्मोनच्या गोळ्यांची १६,६०८ बायकांवरची मोठी चाचणी स्तनाच्या कर्करोगाच्या आणि हृदयविकाराच्या धोक्यामुळे मध्येच थांबवली. जगभर भीती पसरली. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, साठीच्या आतल्या निरोगी बाईचं गणित वेगळं असतं, हे नंतर पुढे आलं. पण मनात बसलेली भीती तशीच राहिली. शिवाय चिनी वैद्य दोन्ही मनगटांची नाडी बघतो, जीभ बघतो, झोपेबद्दल विचारतो. त्यांच्या जुन्या ग्रंथात बाईचं आयुष्य सात-सात वर्षांत मोजलंय, सात सत्ते एकोणपन्नासला पाळी थांबते. तुझ्या वयाला हे व्हायचंच होतं, असं कुणी शांतपणे सांगितलं तरी किती बरं वाटतं! माझ्या आईला हे कुणी सांगितलं नाही. ती पंख्याखाली जाऊन बसायची आणि घरातले म्हणायचे, हल्ली फार चिडचिड करते.

म्हणून माझं मत सरळ आहे. वैद्याकडे जावंसं वाटलं तर जा. पण जे घ्याल ते आपल्या डॉक्टरला सांगून घ्या. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल तर डांगग्वेने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर विचारल्याशिवाय काहीच नको. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्त दिसलं, तर कुठलाही काढा न घेता आधी तपासणी. यात थांबायचं नाही.

ताई, वहिनी, मामी, हे तुमच्यासाठीही आहे बरं का. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' हे आपलं वाक्यही त्याच चालीवरचं. मुसळी काळी असो की चिनी, प्रश्न तेच विचारायचे.

आणि रात्री तीनला जाग आली तर खुशाल फोन करा. मी बहुतेक जागीच असेन. तुमच्याकडे तेव्हा साडेबाराच वाजलेले असतील!