परसातील संत्रे : पहिल्या फळाची घाई नको

परसात एखादे संत्र्याचे झाड असावे, अशी इच्छा सांगोल्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातही अनेक कुटुंबांत आढळते. ही इच्छा गैर नाही. मात्र रोप घेताना पहिला प्रश्न विचारला जातो तो एकच : फळ केव्हा लागेल? आमच्या मते हा प्रश्न दुसरा आहे. झाड पंधरा वर्षे उभे कसे राहील, हा पहिला होय.

डोळा भरून तयार केलेले कलम लवकर फुलते, याचे कारण साधे आहे. त्यावरील डोळा फळत्या, प्रौढ झाडाचा असतो. बियांपासून वाढविलेल्या झाडाला फळावर येण्यास सात-आठ वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. कलमाला तितके थांबावे लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच त्यावर फुले दिसतात. परंतु डोळा प्रौढ असला तरी खालची मुळे कोवळीच असतात. फळे पोसण्यासाठी पुरेशी पाने नसली म्हणजे झाड मुळांतील साठा खर्च करते, मुळांची वाढ खुंटते आणि मग शेंड्याकडून फांद्या वाळू लागतात. परदेशातील मरकॉट या संत्रावर्गीय जातीची झाडे अतिभारामुळे, मुळांतील पिष्टमय साठा संपून, एकाएकी कोसळल्याची नोंद आहे. ज्या झाडाला पाण्याची विवंचना नाही त्याची ही गत, तर सांगोल्याच्या उन्हात वाढणाऱ्या रोपट्याविषयी अधिक काय सांगावे?

यास्तव पहिली तीन वर्षे आलेली फुले खुडून टाकावीत. घरातील मुलांच्या हौसेसाठी तिसऱ्या वर्षी एक-दोन फळे ठेवण्यास हरकत नाही. चौथ्या वर्षी दहा-बारा फळे घ्यावीत आणि पाचव्या वर्षापासून रीतसर बहार धरावा. ज्यांना धीर नाही त्यांनी शेजारी एक पपई लावावी. ती वर्षाच्या आत फळ देईल.

सांगोला हा डाळिंबाचा तालुका. नागपूर, अमरावतीकडील संत्रा येथे पाहुणा आहे, हे विसरू नये. म्हणून जागेची निवड काळजीपूर्वक करावी. आपल्याकडील पुष्कळ जमिनींत चुनखडी आढळते. खड्ड्यातील मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले असता खूप फेस आला, तर तेथे संत्रे लावू नये. पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतील व झाड कायमचे रोगट होईल. निचऱ्याची, मध्यम खोलीची जमीन पाहून दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. तो चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी भरावा. कलमाचा जोड जमिनीपासून चांगला वीतभर वर राहील, असे पाहावे. रंगपूर लिंबाच्या खुंटावरील कलम मिळाल्यास पाण्याचा ताण सोसण्यास ते बरे.

पाणी हा आपल्याकडील कळीचा मुद्दा. तांदूळ, भाजी धुतलेले आणि रांजणातील शिळे पाणी या झाडास खुशाल द्यावे. कपडे धुतलेले साबणाचे पाणी मात्र देऊ नये. लिंबूवर्गीय झाडांना क्षार सोसत नाहीत. पाणी बुंध्याशी न घालता दुहेरी आळे करून बाहेरच्या आळ्यात द्यावे. बुंधा सतत ओला राहिला की डिंक्या रोग येतो. पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्यास बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. जोडाखालून आलेली फूट दिसताच काढावी, नाहीतर संत्रे मागे पडून खुंटच माजेल. पाने खाणारी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी हाताने वेचावी. एका झाडासाठी फवारणीची गरज नाही.

परसातील झाडास रोज थोडे थोडे पाणी मिळते. त्यामुळे त्याला विश्रांती मिळत नाही व बहार विखुरला जातो. पाचव्या वर्षापासून एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडून पाने मलूल होईतो ताण द्यावा. हलक्या जमिनीत थोडे दिवस पुरतात. नंतर मृग बहार धरावा. मृगाचा पाऊस चुकल्यास आळे भरून पाणी द्यावे.

आता गावपातळीवरील कार्यकर्त्यांस दोन शब्द. कुंडीतील फळे लगडलेले रोप दाखवून विक्री करणे सोपे असते. आपण मात्र शेतकऱ्याला ते रोप फळांसाठी नव्हे, तर जोड, खुंट व मुळे पाहून घेण्यास शिकवावे. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत, जगलेल्या झाडांचे प्रमाण पाहून देण्याचा नियम ठेवला गेला. यामागील विचार योग्य आहे. मोजायचे ते पहिले फळ नव्हे, तर जगलेले झाड. सांगोल्यातील शेतकऱ्यांना हे निराळे सांगावयास नको; मर, तेल्या व खोडातील भुंगेरे यांमुळे डाळिंबाच्या बागा उपटण्याची वेळ त्यांच्यावर आलेली आहे. अशक्त झाडालाच हे भुंगेरे प्रथम गाठतात.

एका झाडाने कोणाचा संसार चालत नाही, हे खरे. परंतु परसातील एक झाड नीट वाढविताना ताण, बहार आणि खुंट यांचे जे ज्ञान घरातील बायामाणसांना व मुलांना मिळते, ते उद्या बागेत उपयोगी पडते. फुले खुडताना हात अडखळेल. तरीही ती खुडावीत.