नक्कल नव्हे, अध्ययन

१/ जुन्या चित्राची प्रत करणारा विद्यार्थी दिसला की ‘स्वतःचे काही सुचत नाही का?’ हा टोमणा ठरलेला. टोमणा मारणाऱ्यास तो मौलिकतेचा कैवार वाटतो. तैलचित्रणाचा इतिहास मात्र त्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

२/ सन १६२८. रुबेन्स माद्रिदला आला तेव्हा ५१ वर्षांचा होता आणि युरोपभर नावाजलेला होता. तेथील राजसंग्रहात त्याने तिशियनच्या चित्रांच्या प्रती रंगवल्या. तिशियनला जाऊन तेव्हा अर्धशतक उलटले होते. कीर्तीच्या शिखरावरील चित्रकाराला पुन्हा विद्यार्थी होण्यात कमीपणा वाटला नाही.

३/ सम्राट पाचवा चार्ल्स आणि सम्राज्ञी इसाबेला यांचे तिशियनने एकत्र रंगवलेले व्यक्तिचित्र आज अस्तित्वात नाही. ते कसे होते हे कळते रुबेन्सच्या प्रतीवरून. ‘नक्कल’ म्हणून हिणवली जाणारी वस्तू येथे इतिहासाचा पुरावा ठरली आहे.

४/ सन १६३९, अ‍ॅमस्टरडॅम. राफाएलने रंगवलेले कास्तिल्योनेचे व्यक्तिचित्र लिलावात आले. रेम्ब्रांटने त्याचे रेखाटन केले आणि कडेला किंमत टिपली : ३५०० गिल्डर. १६४० च्या त्याच्या आत्मचित्रात राफाएल आहे, तिशियनही आहे. उसनवारी उघड आहे. तरीही ते चित्र रेम्ब्रांटखेरीज कोणाचेच वाटत नाही.

५/ सन १८७९. २३ वर्षांचा सार्जंट प्रादो संग्रहालयात वेलाझ्केझच्या ‘लास मेनिनास’ची प्रत करत होता, पुढील वर्षी हार्लेममध्ये फ्रान्स हाल्सच्या चित्रांची. ज्या मोकळ्या कुंचल्यासाठी त्याची वाहवा होते, त्यामागे ही मेहनत आहे.

६/ प्रतीतून नेमके काय मिळते? तैलचित्र थरांनी घडते आणि शेवटचा थर आधीचे झाकतो. खालची रंगछटा कोणती, छाया पातळ का, उजेड जाड का, पारदर्शक लेप कधी चढवला, हे प्रश्न पाहणाऱ्याला पडत नाहीत. गालावरची तीच छटा साधताना हात अडतो, तेव्हाच ते पडतात.

७/ प्रतीमुळे हात साचेबंद होतो, हा आक्षेप पोकळ नाही. प्रत हेच साध्य मानले तर तसे घडते. छायाचित्रावरून बाह्यरेषा छापून रंग भरणाऱ्यालाही काही गवसत नाही. त्याने थरांचा प्रश्न विचारलेलाच नसतो. पण हा दोष प्रत करण्याचा नव्हे, विचार न करता केलेल्या प्रतीचा आहे.

८/ गुरूची तान वर्षानुवर्षे घोटणाऱ्या गायकाला कोणी चोर म्हणत नाही. त्याला तालीम म्हणतात. मग कुंचल्यालाच वेगळा न्याय का?

९/ नवशिक्याला कोऱ्या कॅनव्हाससमोर उभे करून मौलिकता मागणे म्हणजे धुळाक्षरे न गिरवलेल्या मुलाकडून महाकाव्य मागणे होय. त्या टोमण्याने मौलिकता वाचत नाही. एक कुंचला मात्र कायमचा खाली ठेवला जातो.