विश्रामगृहातला मुक्काम आणि बक्षिसी

मैत्रिणींनो, आलापल्लीचं जंगल पाहत सुटीत मुलांसह एटापल्लीपर्यंत जायचा बेत आहे ना? मग शहरी हॉटेलची ऐट तिथे शोधू नका. अशा तालुक्याच्या गावी सरकारी विश्रामगृहाचाच आधार. खोलीची परवानगी आधी लेखी घ्या. तरी कामावर आलेल्या अधिकाऱ्यांचा हक्क पहिला, हे ध्यानात असू द्या. गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचा त्रास फार, तेव्हा मच्छरदाण्या घरच्याच न्या. जास्तीची गादी, बाळासाठी गरम पाणी, रात्रीचं जेवण, जे हवं ते पोचल्याबरोबर एकदाच सांगा. खानसाम्याला बाजाराचे पैसे आधी द्या नि निघताना हिशेब करा. ते पैसे म्हणजे बक्षिसी नव्हे, बरं का! बक्षिसी निराळी, आणि ती झाडलोट करणाऱ्या बाईलाही द्यायची. ती आपल्यासमोर फारशी येत नाही. पण न्हाणीघर तिनेच धुतलेलं असतं. उरलेल्या पोळ्या किंवा जुनी साडी देऊन मोकळ्या होऊ नका. सुट्या नोटा घरूनच न्या. खानसाम्याजवळ तिचा वाटा ठेवण्यापेक्षा तिला बोलावून तिच्याच हातात द्या, दोन शब्द बोला. मुलं बघत असतात.